लाल सुप्राची आरशासारखी पट्टी

९ नोव्हें.
दादाला घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, आता घरीच बरं. म्हणजे त्यांच्याकडचं संपलं. फुफ्फुसं गेली. चिंचवडच्या घरी हॉलमध्ये पलंग, शेजारी ऑक्सिजनचं मशीन. दादा त्याच्या आवाजावर नाराज, बेअरिंग गेलंय म्हणतो. बरोबर असणार.
एकच काम सांगितलं. भोसरीच्या शेडमधल्या दोन्ही जुन्या जपानी गाड्या विकायच्या. "पांढरी कुणालाही दे. लाल मात्र चालवणाऱ्यालाच. माझ्या डोळ्यांदेखत."

११ नोव्हें.
शेड. सलीमभाई आले, दादाचे मेकॅनिक आणि एकमेव टीकाकार. खंडेनवमीचा झेंडू दोन्ही बॉनेटवर वाळलेला.
पांढरी झेड: थोरली, लांब नाकाची. "हिची वेळ येईल" म्हणत दादाने हातच लावला नाही. बंद. सीट उंदरांनी खाल्लेली.
लाल सुप्रा: धाकटी, जड. निम्मी दादाने आपल्याच वर्कशॉपमध्ये नव्याने घडवलेली. सलीमभाईंनी चाकणच्या रस्त्याला काढली. कंटेनरच्या रांगेतून जरा मोकळं मिळालं आणि पाठ सीटला चिकटली. परतताना माझ्या हॅचबॅकची कीव आली.
तुलना संपली. असं वाटलं.

१४ नोव्हें.
जुन्या गाड्या जमवणारे गृहस्थ आले. बूट पांढरेशुभ्र. लालकडे ढुंकून बघितलं नाही. पांढरीचे गंजके नट टॉर्च मारून पाहिले, उंदरांच्या सीटवरून हात फिरवला, हळवे झाले. सगळं ओरिजिनल म्हणे. मीच सांगितलं, चालत नाही.
"चालवायचीये कुणाला?"
आणि लाल? "दादांनी फार सुधारली हो."
काहीही न करता म्हातारं व्हावं. भाव येतो.

१५ नोव्हें.
लालला गिऱ्हाईक. दिघीची मुलगी, नोकरी माण गावात, सुट्टीत रॅली चालवते. क्लचवरून सलीमभाईंशी भांडली, म्हणजे खरी. दादाला सांगितलं. मास्कच्या आत हसला, प्लास्टिकवर वाफ धरली.

१८ नोव्हें.
आरटीओ. गाडी मुलीच्या नावावर करण्याआधी तपासणी. इन्स्पेक्टर बॉनेटमध्ये वाकून इंजिन नंबर शोधत राहिला. इंजिनावर नंबर असतो त्या पट्टीवर नुसता आरसा. त्यात त्याचंच तोंड.
सलीमभाई जमिनीकडे बघत म्हणाले, "दादांनीच मिलिंग मशीनवर घासून सपाट केली, राव. पट्टी खडबडीत होती. त्यांना बघवंना."
आयुष्य कारखान्याच्या टूलरूममध्ये काढलेला माणूस. खडबड दिसली की घासणार. ती खडबड म्हणजेच गाडीची ओळख, हे कोण सांगणार त्याला.
नंबर नाही म्हणजे गाडी संशयित. नावावर होणार नाही, रस्त्यावर आणायची नाही; त्यांच्याच आवारात ठेवून घेतली. प्रकरण वर पाठवतो म्हणाला. वर म्हणजे कुठे, ते त्यालाच ठाऊक.

२१ नोव्हें.
पांढरी ट्रकवर चढून गेली, उंदरांच्या सीटसकट. वहिनीने जाताना कुंकू लावलं.
दिघीच्या मुलीचा फोन. थांबते म्हणाली. किती, ते मी विचारलं नाही.
दादाचा आवाज आणखी खोल गेलाय. लालचं काय, विचारलं. आरटीओत आहे म्हटलं. शब्दशः खरं.
"बॉनेट उघडलं त्यांनी?"
"उघडलं."
"काय म्हणाला इन्स्पेक्टर?"
"स्वतःचं तोंड दिसलं त्याला."
केवढा खूश झाला. खोकला येईपर्यंत हसला. वहिनी पाणी घेऊन आली, माझ्याकडे बघत उभी राहिली. तिला सलीमभाईंनी गाडी अडकल्याचं सांगितलेलं दिसतंय.
"मग कधी नेतीये पोरगी?"
मास्कचा पट्टा सैल झाला होता. तो नीट करायला मी वाकलो.