अंधारात सुटणारा वायू

८ एप्रिल

जमलं! उंदरांच्या आतड्याची सूज उतरली. बंद न्हाणीघरात गिझरमुळं माणसं मरतात तो कार्बन मोनॉक्साइड—आम्ही बनवलेल्या औषधाच्या रेणूतून तोच थोडा थोडा सुटतो आणि बरं करतो. उजेड पडला तरच सुटतो, अंधारात गप्प. उदयसिंह सर, माझे गाईड, खूश. म्हणाले, आता मोठी बॅच करा.

१५ एप्रिल

बॅच उंदरांच्या खोलीतच ठेवली. उजेड नको म्हणून खिडक्यांना काळा कागद, फटींना टेप. मी आणि माझी ज्युनिअर अनुजा दिवसभर आत, लाल दिव्यात; तेवढा उजेड त्याला चालतो. दुपारी लाईट जाते, एसी बंद—नुसती भट्टी.

१९ एप्रिल

डोकं ठणकतंय. अनुजाचंही.

२२ एप्रिल

अनुजाला उलट्या. सरांना सांगितलं तर म्हणाले, "उन्हाळा हाय, पाणी प्या की." अनुजा आजऱ्याला, माहेरी जाते म्हणत होती. मीच अडवलं—मोजमापं अर्धवट राहिली असती. थांबली बिचारी.

२५ एप्रिल

औषध न दिलेल्या उंदरांचं रक्त तपासलं. त्यातही कार्बन मोनॉक्साइड. पुन्हा तपासलं. तेच.

त्यांना कुणी काही दिलेलं नाही. ते फक्त त्या खोलीतली हवा घेतात.

आम्हीही तीच घेतो.

२६ एप्रिल

औषधाची एक बाटली अंधारातच, पण दुपारच्या उकाड्याइतकी तापवून पाहिली. वायू सुटतोय! सरांकडे धावले. त्यांनी उठून दार लावलं. मग हळू आवाजात म्हणाले, "आत्ताच कुणाला बोलू नकोस. पेपर छापायला गेलाय आपला."

मी उठले. बाटल्या थंड, बंद कपाटात हलवल्या, काळा कागद टराटरा फाडला, खिडक्या उघडल्या, विभागप्रमुखांना जाऊन सगळं सांगितलं. परत आले तर सर दारात उभे. माझ्याकडं बघितलंही नाही.

अनुजाला घेऊन दवाखाना गाठला. दोघींच्याही रक्तात तो वायू सापडला. डॉक्टर म्हणाले, मोकळ्या हवेत राहा, उतरेल.

३० एप्रिल

खोलीला कुलूप. डोकं हलकं झालं. संध्याकाळी दोघी रंकाळ्यावर फिरून आलो, भेळ खाल्ली. किती दिवसांनी हसलो. पण घरी जाताना अनुजाला पुन्हा उलटी झाली. आता का?

२ मे

अनुजा जिन्यात बसली होती. म्हणाली, "ताई, मला दिवस गेल्यात. तिसरा लागलाय, कालच कळलं." मग थांबून—"ते बाळापर्यंत पोचतंय का ओ?"

पोचतं. आईपेक्षा जास्त साचतं.

इथं लिहिलं. तिला अजून बोलले नाही.