तुम्ही मोडलेला वॉल्ट्झ

प्रिय वेस्टन,

फोनवर बोलले असते तर तू नेहमीसारखा ‘बरं आई, मग करतो’ म्हणून सटकला असतास, म्हणून लिहायला बसले. आधी एक सांगून टाकते. आपल्या गावाच्या लाडक्या कंट्री गायकानं, कोय टॅलमॅजनं, तुमच्या रॉक बँडबरोबर केलेलं गाणं मला आवडलेलं नाही. भांडी घासताना ऐकलं, गाडीत ऐकलं, हातातलं काम ठेवून ऐकलं. नाही म्हणजे नाही. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाई म्हणाल्या की तुझे ड्रम छान आहेत, पण त्यांना हल्ली ऐकूच कमी येतं.

आपल्या डान्स हॉलची रीत तुला ठाऊक आहे. कोयचा तीन ठोक्यांचा वॉल्ट्झ लागला की कुणी बसून राहायचं नाही. गुडघे दुखोत नाहीतर नवराबायकोचं वाजलेलं असो, उठायचं आणि गोलात सामील व्हायचं. गेल्या शनिवारी नवं गाणं लावलं. सुरुवातीचे ते फिडलचे सूर ऐकले मात्र, सगळा हॉल उठला. शेजारच्या व्हर्ना मेनं तर ताटातल्या ब्रिस्केटच्या मांसात खुपसलेला काटाही तसाच सोडला. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, आणि कोयचा तो आवाज! तुझ्या बाबांच्या खांद्यावर डोकं टेकून मी चक्क रडत होते. आणि दुसरं कडवं संपतं न संपतं तोच तू धाडधाड सुरू झालास. तिनाचे चार ठोके झाले. जोड्या जोड्यांवर आदळल्या, व्हर्ना मेच्या नवऱ्यानं तिच्याच पायावर बूट दिला आणि ती बिचारी मधोमध खाली बसली. कुणी हसलंसुद्धा नाही. सगळे उभे राहून माझ्याकडे बघत होते, जसं काही ड्रम मीच वाजवत होते.

तेव्हापासून गावात दुसरा विषय नाही. कोय विकला गेला, पोरांना खूश करायला या वयात फाटकी जीन्स घालायला लागला, त्याच्या जुन्या गाण्यांतली स्टील गिटार कुठे ऐकूच येत नाही. दुकानात पिठाची पिशवी उचलत होते, तर व्हर्ना मे सगळ्यांसमोर म्हणाली, “अर्डिस, तुझ्या पोरानं आमचा माणूस नासवला.” आमचा माणूस म्हणे! कोयला हिनंच पाळण्यात झोके दिले असावेत. शाळेच्या मिरवणुकीत तू ढोल वाजवायचास तेव्हा तूही ‘आमचा’च होतास की. मला इतका संताप आला, पण बोलणार काय? गाणं आवडत नाही म्हणावं तर तू माझा, आवडतं म्हणावं तर जीभ रेटत नाही. तिकडे तुमचे चाहतेही म्हणे तुमच्या नावानं बोटं मोडतायत, म्हाताऱ्याच्या नादी लागलात म्हणून. अरे, मग हे गाणं केलंत तरी कुणासाठी? आणि आईबापाला ते रेडिओवरच्या बातमीतून कळावं? एक फोन करायला तुझे हात झडले होते का?

आता खरं काय ते सांगते. पुढच्या आठवड्यात जत्रेच्या मैदानावर कोय आणि तुम्ही एकाच स्टेजवर येणार. आपल्या गावच्या कोय चाहता मंडळाची त्यावर बैठक झाली. ठरलं असं, की ते गाणं सुरू झालं की सगळ्यांनी उठायचं, स्टेजकडे पाठ करायची आणि गाड्यांकडे चालू लागायचं. पुढे अध्यक्षांनी चालायचं. म्हणजे तुझ्या बाबांनी.   तू घर सोडलंस तेव्हा ते ‘हा गोंगाट आपल्या आडनावानं करू नकोस’ म्हणाले होते, आणि त्यानंतर तुम्ही बापलेक फक्त पावसापाण्याचं बोलता. मला वाटलं, झालं, आता तेही राहणार नाही. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात कपाटांची दारं आपटत होते.

काल दुपारी गॅरेजमध्ये त्यांना थंड चहा द्यायला गेले. पिकअपची दारं सताड उघडी, आत तुमचं गाणं मोठ्यानं लावलेलं, आणि तुझे बाबा बूट घालून, हात हवेत धरून, तोंडानं मोजत एकटेच गोल फिरतायत. तुझे ड्रम आले की अडखळायचे, तुला एक शिवी हासडायची, की परत पहिल्यापासून. मला बघून लाजले. मग म्हणाले, “पोराचा ठेका कुठेच चुकत नाही, अर्डिस. आपलेच पाय चुकतात.” तिथून वॉल्ट्झ सोडून चार ठोक्यांचा टू-स्टेप नाच धरला की जमतं, हे त्यांनी शोधून काढलंय. तासभर आम्ही गॅरेजमध्ये नाचलो. संध्याकाळी त्यांनी बैठक भरवणाऱ्या व्हर्ना मेला फोन करून सांगितलं की पुढे चालायला दुसरा कुणी बघा. म्हणून हे पत्र आधीच पाठवतेय. त्या दिवशी गाणं सुरू होईल आणि तुला समोर नुसत्या पाठी दिसतील, आपल्याच गावाच्या. मन घट्ट कर. मैदान रिकामं झालं की स्टेजच्या अगदी खाली बघ. गाणं मला अजूनही आवडलेलं नाही, पण तुझे हात थांबवू नकोस बाळा, नाहीतर आम्ही दोघं नाचायचं कशावर?

तुझीच,
आई