थोरली हुंकारी आणि साक्षीदाराची रिकामी ओळ

मृत्युपत्र

मी, शकुंतला खंडू साळवे, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त, राहणार वाकोला, सांताक्रूझ पूर्व, मुंबई, हा कागद माझ्या मर्जीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, आणि घालायला कोणी आलाच असता तर तो जिना कसा उतरला असता हे आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत आहे. गुडघे गेले आहेत, हात थरथरतात, पण त्याचा वाटणीशी संबंध नाही. वकीलबाई म्हणाल्या, "मावशी, मोजकं लिहा." प्रयत्न करते.

गेल्या रविवारी मी एक मृत्युपत्र केलं होतं. ते फाडावं लागलं. का, ते पुढे येईलच. ते रद्द समजून यापुढे हेच धरावं.

कलम १. राहतं घर माझा एकुलता एक मुलगा आयु. धम्मपाल याला. हे घर त्याच्या बाबांनी आणि मी दोघांच्या पगारावर घेतलं, त्यामुळे त्यावर चुलत्यांचा, आत्यांचा, कोणाचाही हक्क नाही. बिल्डिंग पुनर्विकासाला जाणार आहे. धम्मपाल, बिल्डरच्या कागदावर सही करण्याआधी कागद वाच. तू लग्नाची पत्रिकासुद्धा शेवटपर्यंत वाचत नाहीस, मग भलत्याच हॉलवर जाऊन जेवून येतोस, म्हणून मुद्दाम लिहिते.

बँकेत असेल त्यातून आधी माझ्या मागचा खर्च करावा, उरेल ते धम्मपालचं. पुण्यानुमोदनाला जेवण साधं ठेवावं. जिलेबी नको. मला आवडायची म्हणून कोणीतरी आणेलच, पण मी नसताना तिचा काय उपयोग.

कलम २. आता हुंकारी. घरच्यांना माहीत आहे, पण उद्या हा कागद एखाद्या साहेबासमोर गेला तर त्यालाही कळायला हवं.

हुंकारी हे विजेवर सूर काढणारं यंत्र आहे. संघमित्रा, म्हणजे धम्मपालची मुलगी, माझी नात, त्याला सिंथेसायझर म्हणते. पण यावर गाणं वाजत नाही, पट्ट्याही नाहीत. नुसती बटणं फिरवायची, की एक सूर सुरू होतो आणि बंद करेपर्यंत चालूच राहतो. गाणाऱ्याच्या मागे तंबोरा लागलेला असावा आणि पुढे गाणारंच कोणी नसावं, तसं. गोष्ट सांगताना समोरचा "हं, हं" करतो, तसा हा आवाज. म्हणून मी नाव ठेवलं हुंकारी.

अशा दोन आहेत. थोरली लाकडी कपाटात बसवलेली, माझ्या खांद्यापर्यंत येते. तिचा स्पीकर परातीएवढा, आणि खर्ज असा की पायाखालची फरशी बोलते. धाकटी डब्याएवढी. मोबाइलच्या चार्जरवर चालते, पिशवीत मावते, आवाज गोड, पण खर्ज नाही. तेवढ्याशा डब्यात तो येणार कुठून.

दोन्ही मी आणि संघमित्राने मिळून बांधल्या. विजेची सर्किटं तिने कागदावर काढली, सोल्डरिंग मी केलं. हात तेव्हा स्थिर होते. मी अंधेरीच्या सीप्झमध्ये एका कंपनीत लाइनवर जन्म काढला, रेडिओच्या प्लेटा जोडण्यात. खंडू गेले, मीही निवृत्त झाले, आणि घर इतकं गप्प झालं की मला भीती वाटायला लागली. लाइनवर दिवसभर एसीची आणि मशिनची घरघर असायची, तिची सवय झालेली. संघमित्राला हे मी बोलून दाखवलं. ती म्हणाली, "आजी, चल ना, आपण तुझी घरघर बनवूया." पोरगी थट्टा करत असेल असं वाटलं. ती थट्टा नव्हती.

कलम ३. श्री. दशरथ लवू राणे, खालच्या मजल्यावर राहणारे, सोसायटीचे सेक्रेटरी. थोरलीमुळे त्यांच्या काचेच्या कपाटातल्या कपबश्या किणकिणतात अशी तक्रार त्यांनी भर सभेत केली. मी थोरलीला रबराचे पाय बसवले. तरी तक्रार मागे घेतली नाही. वर मला जिन्यात म्हणाले, "साळवेबाई, या वयात भजन करावं." या सर्व गोष्टींबद्दल मी त्यांना माफ करते. ते या कागदावर पहिले साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेऊ नये अशी रीत आहे. माफी ही मिळकतीत मोडत नाही, हे मी वकीलबाईंना विचारून घेतलं आहे.

कलम ४. शुभा दत्ताराम परब, राहणार बोरीवली. ही माझी नात्याने कोणी नाही. लाइनवर ती माझ्या उजव्या हाताला बसायची, कंपनी बंद होईपर्यंत.

लाइनचा रिवाज सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. डावीकडून प्लेट आली की आपलं काम करायचं, शेजारणीचंही बघून घ्यायचं, कोपऱ्यात लाल पेनाने आपलं अक्षर टाकायचं, उजवीकडे सरकवायची आणि म्हणायचं, "तपासलं, पुढे." तोंडाने म्हणायचंच, कारण मान वर करायला सवड नसे. मालक कोण आणि रेडिओ कुठल्या देशात जातो हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आपल्या डावीकडची चुकली तर तिची चूक आपल्या अक्षराखाली पुढे जाते, एवढं ठाऊक होतं.

शुभाला आता ऐकू येत नाही. हळूहळू गेलं. कानाचं मशिन लावलं तर नुसती खरखर येते म्हणून तिने ते कपाटात टाकलंय. मालवणची बाई, पूर्वी सगळ्या लाइनला ऐकू जाईल असं बोलायची, आजही तसंच बोलते, फक्त समोरच्याचं तिला कळत नाही. आम्ही पाटीवर लिहून गप्पा मारतो. दर गुरुवारी ती माझ्याकडे येते, चहा घेते, आणि थोरलीला पाठ टेकून जमिनीवर बसते. मी थोरली लावते. ती डोळे मिटते. मी समजत होते, थकते बिचारी, टेकायला बरं म्हणून बसते.

गेल्या रविवारच्या मृत्युपत्रात मी थोरली संघमित्राला आणि धाकटी शुभाला लिहिली होती. हिशेब सरळ होता. संघमित्रा थोरलीवर कार्यक्रम करते, शुभाची खोली एवढीशी. मोठ्या कामाला मोठी, छोट्या घराला छोटी. धम्मपाल म्हणाला, "आई, झकास वाटणी." सगळ्यांना पटली.

साक्षीला दोघं हवीत. दशरथराव आणि वकीलबाईंचा कारकून यांची सही घ्यायची ठरली होती. शुभा नुसती जेवायला आली होती, माझ्या उजव्या हाताला बसली होती. मी सही केली आणि कागद जरा बाजूला सरकवला. शुभाने तो ओढला, साक्षीदाराच्या जागी झोकात सही ठोकली, संघमित्राकडे सरकवला आणि म्हणाली, "तपासलं, पुढे." एक अक्षर वाचलं नव्हतं. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. जिला मिळायचं तिनेच साक्षीला सही केली तर तिची वाटणी अडचणीत येते म्हणाल्या. वाट लागली कागदाची. आम्ही पोट धरधरून हसलो, आणि का हसतो ते न कळता शुभाही हसली.

वकीलबाई नवीन कागद करायला बसल्या. तोवर संघमित्राने धाकटी शुभाच्या मांडीवर ठेवली, बटण दाबलं, लाल दिवा लागला. शुभाने मान डोलावली. "किती गोड वाजते गं," म्हणाली. आवाजाचं बटण शून्यावर होतं. संघमित्रा ते फिरवायचं विसरली होती. खोलीत नावालाही आवाज नव्हता.

संघमित्राने बटण पूर्ण फिरवलं. शुभा तशीच डोलत राहिली, तेवढीच.

मग मी पाटीवर लिहिलं, "आणि थोरली?" तिने वाचलं, आणि एवढ्या वर्षांत बोलली नव्हती ते बोलली. "शकू, ती माका पाठीत ऐकाक येता. पोटात येता. दुसरा आता काय्येक ऐकाक येणा नाय." मग मराठीत, जणू मला मालवणी कळतच नाही, "गुरुवारी तेवढं ऐकते मी."

मला रडू आलं. चारचौघांत आलं, लपवलं नाही. वकीलबाईंना म्हटलं, नवीन कागद आज राहू द्या. धाकटी तिच्या गळ्यात मारून मी आपलं कर्तव्य झालं असं समजणार होते, आणि ती आयुष्यभर दिवा बघून मान डोलावत राहिली असती.

कलम ५. आता दुसरी बाजू, कारण माझ्या नातीवर अन्याय होऊ नये.

संघमित्राचा जानेवारीत अंधेरीला कार्यक्रम आहे. पहिल्यांदाच एकटीचं नाव पत्रकावर. लोक तिच्याकडे थोरलीच्या खर्जासाठी येतात. थोरली आता शुभाला द्यायचं माझ्या मनात आहे हे ओळखून त्या रविवारी सगळे गेल्यावर ती माझ्याशी भांडली. "आजी, धाकटी घेऊन काय करू? त्यात काहीच नाहीये यार." नंतर म्हणाली, दुसरी थोरली बांधू. मी हात पुढे केले, ते थरथरताना तिने बघितले. शिवाय थोरलीत आहे तसं सामान आता कुठल्या बाजारात मिळत नाही. मग म्हणाली, शुभामावशीकडे ठेवू, कार्यक्रमाला आणत जाऊ. एकदा वांद्र्याला नेली होती, तर परत येईस्तोवर दोन सूर गेले आणि जोडता जोडता माझे डोळे गेले. थोरली आता एकदाच कुठेतरी जाऊ शकते. जिथे जाईल तिथली.

दोन दिवस ती माझ्याकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी येऊन तिने थोरलीवरची धूळ पुसली आणि निघून गेली. तिचंही खरं आहे. ते यंत्र तिच्या डोक्यातून निघालं, मी फक्त जोडलं.

कलम ६. म्हणून धाकटी, सोल्डरिंगची सगळी हत्यारं आणि भिंगाचा दिवा हे सगळं मी काल माझ्या हाताने संघमित्राला देऊन टाकलं आहे. ते या वाटणीत येत नाही.

माझी बोरमाळ सुनेला. ती थोरलीला "फ्रीज" म्हणते, तरीही.

कलम ७. थोरली हुंकारी, कपाट, स्पीकर आणि वायरींसकट, शुभा दत्ताराम परब किंवा संघमित्रा धम्मपाल साळवे या दोघींपैकी जी या कागदावर साक्षीदार नसेल तिला मिळावी.

वकीलबाई म्हणाल्या, असं कोणी लिहीत नाही. मी म्हटलं, मग मी लिहिते. मला हुकूम करता आला असता. संघमित्रा माझा शब्द मोडणार नाही. पण मग तिला थोरली आठवली की आजीने हिसकावून घेतली हेच आठवेल, आणि ते मला मेल्यावरही सहन होणार नाही. माझं मन कुठे आहे हे घरातल्या पालीलासुद्धा माहीत आहे, ते इथे लिहीत नाही. तिने काहीही केलं तरी माझा राग नाही. हे मी मनापासून लिहिते. मी तिला तान्ही असताना अंघोळ घातली आहे.

सह्यांची रीत अशी. माझ्यानंतर दशरथराव. मग कागद संघमित्रापुढे ठेवावा आणि तिला पूर्ण वाचू द्यावा. तिला सही करायची नसेल तर तिने कागद निमूट उजवीकडे सरकवावा. तिच्या उजवीकडे शुभा असेल, आणि डावीकडून आलेल्या कागदाचं शुभा काय करते हे आपण पाहिलंच आहे. तिला आधी काही सांगू नये. सांगितलं तर थोरली पोरीलाच मिळावी म्हणून ती संघमित्राच्या आधी सही करून मोकळी होईल. हे शुभाने ठरवायला नको. तोपर्यंत तिला थोरलीला टेकून बसू द्यावं, आणि थोरली चालू ठेवावी. दशरथरावांनी आजच्या दिवस कपबश्या सांभाळाव्यात.

कलम ८. थोरली बोरीवलीला गेली, तर धम्मपालने ती स्वतः उभं राहून न्यावी. शुभाच्या दाराचं माप घेतलं आहे, पाय काढले की आत जाते. पलंग खिडकीकडे सरकवावा लागेल. थोरली संघमित्राकडे राहिली, तर दर गुरुवारी शुभाला चहा मिळावा आणि टेकायला जागा मिळावी, एवढंच मागते.

वर लिहिलेलं सगळं मी स्वतः सांगितलं, वाचून घेतलं, आणि साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

ठिकाण: वाकोला, सांताक्रूझ पूर्व, मुंबई
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार

(सही) शकुंतला खंडू साळवे

साक्षीदार १:
(सही) दशरथ लवू राणे
शेरा: सर्व वाचले. कलम ३ मान्य नाही, पण मंजूर.

साक्षीदार २:
(सही) संघमित्रा धम्मपाल साळवे
शेरा, लाल पेनाने: तपासलं. पुढे.