घरच्यासारखं जेवण

आमच्या मालकीणबाईंस,

मी मजेत आहे, तब्येत ठणठणीत आहे, उगाच घोर लावून घेऊ नकोस. बाबा सहलीबरोबर आचारी म्हणून गेलेत, रोज नवं गाव बघतात, असं लेक वर्गात सांगत असेल. सांगू दे.

तुला म्हणून खरं सांगतो. मागच्या पत्रातलं ते निळं तळं मी पाहिलेलंच नाही. प्रवासी वाढून घेताना बोलत होते, तेच ऐकून लिहिलं. ते फिरायला निघाले की मी संध्याकाळचे कांदे चिरायला बसतो. हॉटेलांची मागची दारं मात्र तोंडपाठ झाली आहेत. लेकीला यातलं काही बोलू नकोस.

आईचा खोकला थांबला का? तू वेळेवर जेवतेस ना?

काल सहलीतल्या एक आजी रिकामं ताट घेऊन आत आल्या. "आचारीबुवा, अगदी घरी जेवल्यासारखं वाटलं हो!" म्हणाल्या आणि डोळे पुसले. सगळं आवरल्यावर मीही तोच डाळभात वाढून घेतला. दोन घास खाल्ले आणि उठलो.

मला काही तो घरच्यासारखा लागला नाही. तू फोडणीत वेगळं काय घालतेस, तेवढं कळव.

तुझाच,
आचारीबुवा