चेंबरच्या नटाबद्दल मामाजींना

उंद्री, ता. चिखली
मंगळवार, दुपार

तीर्थस्वरूप मामाजींच्या पायाशी उंद्रीकर जावई सहदेव याचा डोकं टेकवून नमस्कार.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमची शुगर, मामींचा उजवा गुडघा आणि कानाचं मशीन (ते कानात असतं की अजून टीव्हीच्या कपाटात?) यांची खबर कळवावी. पत्र कशाला लिहिलं, असं तुम्ही विचाराल. गेल्या खेपेला फोनवर मी गाडीबद्दल बोलत होतो, तुम्ही सगळ्याला ‘हाव, हाव’ म्हणालात आणि नंतर मामींना सांगितलंत की जावई सोयाबीनचा भाव विचारत होता. व्हॉट्सॅपवर लिहावं तर घरच्या ग्रुपात तुमचा रवी आहे, आणि ही गोष्ट रवीला कळायला नको. म्हणून हे पत्र मेहकरच्या एसटीच्या कंडक्टरजवळ देतो आहे. तुम्ही डेपोत मेकॅनिक होतात तेव्हापासून तो तुम्हाला ओळखतो आणि पाकीट उघडून बघणार नाही असं म्हणाला आहे.

तुमची गाडी उत्तम आहे हे आधीच सांगून टाकतो. शेडमध्ये आहे, वर ताडपत्री आहे, कोंबड्यांना आत जाऊ देत नाही. तुमचा हात थरथरतो म्हणून रवीनं तुमच्याकडून चावी काढून घेतली आणि गाडी माझ्याकडे ठेवली, तेव्हाच त्यानं पुण्याहून फर्मान काढलं होतं, की सर्व्हिसिंग फक्त कंपनीच्या शोरूममध्ये, आणि काही मोठं काम निघालं तर गाडी तिथंच एक्सचेंजमध्ये देऊन टाकायची. तो येत्या पंधरा तारखेला गाडी बघायला येणार आहे. चावी गेल्यापासून तुम्ही ओसरीत रस्त्याकडे तोंड करून बसता आणि पान्यांची पेटी एकदाही उघडली नाही, असं मामींनी पुष्पांजलीला सांगितलं. मामाजी, ते ऐकून मला फार वाईट वाटलं. तेव्हाच ठरवलं, की ही गाडी विकू द्यायची नाही.

आता झालेली गोष्ट. ऑइल बदलायची वेळ झाली होती. मोबाइलवर एका माणसानं अकरा मिनिटांत ऑइल बदललेलं मी पाहिलं (तो गाणं म्हणत होता आणि त्याच्या शर्टाला डागसुद्धा लागला नाही). मी म्हटलं, आपण विहिरीतली मोटर चाळीस फुटांवरून काढून पुन्हा बसवतो, इथं तर इंजिनाखाली तेलाचं चेंबर असतं, त्याच्या बुडाचा एकच नट आहे. नट काढला, काळं तेल सगळं खाली आलं, इथवर मी त्या मोबाइलवाल्याच्या पुढेच होतो. मग नट परत बसवायला घेतला. आमच्याकडे पंपाच्या फ्लँजचे, म्हणजे पाइपांच्या जोडाचे, नट कसे कसतात हे तुम्ही पाहिलं आहे. पान्याच्या दांड्यावर हातभर पाइप चढवायचा, नट कुरकुरेपर्यंत ओढायचा आणि कुरकुरल्यावर मनाच्या समाधानासाठी आणखी एक झटका द्यायचा. माझ्या आजोबांपासून ही पद्धत आहे आणि आमच्या पंपातून कधी थेंब गळला नाही. मीही पाइप लावला, नट कुरकुरला, मी झटका दिला. आणि मामाजी, पाना एकदम हलका झाला. नट नुसता गरगर फिरायला लागला. चेंबर अ‍ॅल्युमिनियमचं आहे हे मला तेव्हा कळलं. आतले आटे साफ निघून आले होते, नटाला चांदीच्या तारेसारखे लटकत होते. पुष्पांजली चहा घेऊन आली आणि म्हणाली, झालं का? मी गाडीखालूनच हो म्हटलं आणि चहा तिथंच आडवा होऊन प्यायलो, कारण बाहेर तोंड काढायची हिंमत नव्हती.

त्यानंतरचे दोन दिवस मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप अर्धा रोळ गुंडाळली. ऑइल ओतलं, गळलं. मग एम-सील लावलं. रात्री ठीक दिसलं, सकाळी खाली ठेवलेल्या परातीत पेलाभर ऑइल जमलेलं होतं (ती परात कणीक मळायची होती. त्यावर जे बोलणं झालं ते तुमचीच मुलगी असल्यामुळे लिहीत नाही). शेवटी नटाचे आणि भोकाचे फोटो काढून बुलडाण्याला शोरूममध्ये गेलो. तिथं काउंटरवर टाय घातलेला मुलगा होता, मला तीनदा सर म्हणाला, थंड पाणी दिलं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं हे मी कबूल करतो. पूर्ण चेंबर नवं टाकायचं, पुन्हा दहा वर्षं बघायला नको. फक्त त्यासाठी गाडी तिथं न्यावी लागणार होती, आणि तोवर एक्सचेंज मेळ्याचा कागदही बघून घ्या, असं तो म्हणाला. मग त्यानं गाडीचा नंबर विचारला. नंबर टाकला की कॉम्प्युटर एस्टिमेट कुणाला पाठवतो? रवीच्या मोबाइलला, कारण शोरूममध्ये नंबर त्यानं स्वतःचा नोंदवला आहे. मी अर्धं पाणी टेबलावर ठेवून, घरी विचारून येतो म्हणून जो निघालो, तो बस स्टँडवर येऊन थांबलो.

घरी येऊन चेंबरच खाली उतरवलं. त्याचे चौदा बारके नट काडेपेटीत ठेवले, चेंबर पोत्यात घातलं आणि खामगावची बस धरली. तेलाच्या वासानं शेजारची बाई चिखलीच्या तिच्या भावाला फोन लावून मला ऐकू जाईल असं बोलत होती. खामगावात कापसाच्या जिनिंगजवळ कय्यूमभाई लेथवाले आहेत, जिनिंगच्या मशिनींचे शाफ्ट तेच करतात. त्यांनी पोतं उघडलं, भोकात करंगळी घालून फिरवली आणि एवढंच विचारलं,

“पान्याले पाइप लावला होता न?”

मी खिशातला नट काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी भोक थोडं मोठं केलं, टॅप मारून नवे आटे पाडले आणि त्यात स्टीलच्या तारेची एक स्प्रिंगसारखी गुंडाळी फिरवत बसवली. त्या गुंडाळीच्या आत आपला जुनाच नट मापात बसतो. मी स्वतः हातानं फिरवून पाहिला, लोण्यात जावा तसा गेला. कय्यूमभाई म्हणाले की हे आटे आता कंपनीच्या आट्यांपेक्षा मजबूत आहेत. मी त्यांना दोन वेळा विचारलं, दोन्ही वेळा तेच म्हणाले. येताना बसमध्ये पोतं मांडीवर घेऊन बसलो होतो आणि खरं सांगतो, फार दिवसांनी इतका आनंद झाला होता. रवी पंधरा तारखेला येईल, वाकून बघेल आणि त्याला एक थेंब दिसणार नाही. गाडी राहील.

मामींना नमस्कार. पुष्पांजली तुमच्यासाठी तिळाची चटणी पाठवते आहे, कंडक्टरकडून ती मात्र मोजून घ्यावी.

आपला आज्ञाधारक,
सहदेव

ता. क. – वर गाडी उत्तम आहे असं लिहिलं, त्यात थोडी भर. चेंबर अजून पोत्यातच आहे आणि पोतं पलंगाखाली. गाडीत ऑइलचा थेंब नाही, म्हणून तुम्हाला न्यायला येता येत नाही.

ता. क. दुसरा – निघताना कय्यूमभाईंनी माझे तळवे बघितले आणि म्हणाले, “ह्याले जोर नाही लागत, अंदाज लागते. कोणी जाणता असन तं त्याच्याच हातानं बसवा.” चौदा अधिक एक असे पंधरा नट आहेत आणि मला पान्याला हात लावायची भीती वाटते. रविवारी सकाळच्या बसनं पेटी घेऊन या. मी खाली आडवा होऊन चेंबर धरतो, नट तुम्ही कसा. हात थरथरतो म्हणून नाही म्हणू नका. माझा थरथरत नव्हता, तरी आटे गेलेच ना.