मामंजींच्या गाडीची गळती

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार. वाकून करायचा होता, पण सध्या आमच्या घरात वाकायचं खातं पुरुषमंडळींनी घेतलंय (कशासाठी ते पुढे येईलच), तेव्हा उभ्यानेच केलेला गोड मानून घे. तुझं बीपी कसं आहे? गोळी वेळेवर घेतोस, की अजून वहिनी हातात पाण्याचा पेला घेऊन गॅरेजभर तुझ्या मागे हिंडते? तिच्या गुडघ्याला आराम आहे ना? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. गाडी तेवढी नाही.

फोन असताना ही पत्र का लिहीत बसली, असं तू म्हणशीलच. मामंजींचा हुकूम आहे. इंजिनाच्या गोष्टी फोनवर करायच्या नसतात, समोरचा नुसता हो हो म्हणतो आणि विसरतो, तुझ्या भावाचं गॅरेज आहे तर त्याला लेखी विचार आणि लेखी उत्तर मागव, असं त्यांनी बजावलंय. शिवाय पाकिटात जायच्या आधी हे पत्र मामंजी आणि आमचे हे, दोघेही वाचणार आहेत. खुशाल वाचू देत. मी काही कुणाची भीड ठेवणार नाही.

तर मामंजींची ती जुनी निळी गाडी तू पाहिली आहेसच. तिच्याखाली पोर्चमध्ये तेलाचा डाग पडायचा, आम्ही पुसायचो, पुन्हा पडायचा, असं निवांत चाललं होतं. मग एकदा यांचे साहेब जेवायला आले आणि निघताना त्यांचा कोरा करकरीत बूट नेमका त्या डागात पडला. हे ओशाळले आणि पटकन बोलून गेले, की माफ करा साहेब, भंगार झालीय, काढूनच टाकणार आहोत. मामंजी मागेच उभे. त्यांनी साहेबांना हसून निरोप दिला, दार लावलं आणि म्हणाले, आज गाडी, उद्या मी. झालं! तेव्हापासून बापलेकांचा अबोला. जेवायला समोरासमोर बसायचे, पण मीठ हवं असलं तरी मामंजी मला म्हणायचे, त्याला सांग. हे म्हणायचे, बाबांना विचार किती हवंय. मिठाची वाटी दोघांच्या बरोब्बर मध्ये! मी घरची सून आहे की टपाल खातं, हेच मला कळेना.

त्यावर कडी म्हणजे, मामंजींनी जाहीर केलं की आपण आता कायमचे लेकीकडे राहायला जाणार. बॅगही भरून दाराआड ठेवली. आणि जाणार ते आपल्याच गाडीतून. फक्त गळकी गाडी लेकीच्या दारात उभी करायची नाही, तिथे पांढऱ्या फरश्या आहेत. तेव्हा गळती ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी प्रस्थान. त्यांनी जावं असं मला मुळीच वाटत नाही. (वाचा मामंजी, नीट वाचा.) यांनाही वाटत नाही, पण यांच्या तोंडाला कुलूप. (तुम्हीही वाचा.) उलट यांनी ईर्ष्येने दुरुस्तीच हाती घेतली. का, तर बाबा जाणारच असतील तर निदान वाटेत इंजिन जाम होऊन रस्त्यात अडकायला नकोत. आता या काळजीला काय म्हणावं, तूच सांग.

दादा, तुझ्यासारख्या जाणत्याला हसू येईल, पण सुरुवातीला घरात दोन डॉक्टर आणि दोन निदानं होती. थेंब इंजिनाच्या तळाशी, तेलाच्या चेंबरखाली, तेल काढायच्या बोल्टापाशी पडायचा, म्हणून बोल्टच ढिला, असं यांचं मत. मामंजींचं मत, की थेंब जिथे पडतो तिथेच तेल गळत असतं असं नाही. ते वरून कुठून तरी ओघळत येतं आणि गाडी पळताना वाऱ्याने मागेही सरकतं, सबब दुखणं माथ्यावर आहे, टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, पॅकिंगमध्ये. बोलणं बंद असल्यामुळे ही चर्चा माझ्यामार्फत व्हायची. एका हाताने भांडी विसळत मी सांगायचे, ते म्हणतात दुखणं माथ्यावर आहे. यांना वाटायचं आपल्याच माथ्याबद्दल चाललंय. मग सकाळी मामंजी येऊन वरच्या कव्हरचे बोल्ट आवळायचे, आणि संध्याकाळी ऑफिसातून आले की हे खालचा बोल्ट आवळायचे, आणि जाता जाता बाबांनी कमीच आवळलंय म्हणून वरचेही आणखी एकेक आटा. दुसऱ्या दिवशी मामंजींना वाटायचं अजून गळतंय म्हणजे अजून ढिलेच, की पुन्हा आवळणं. एवढं आवळल्यावर पॅकिंग चेंगरून कडेने जिभेसारखं बाहेर आलं. आधी थेंब पडत होता, आता ओघळ सुरू झाला.

मग माझ्या केकच्या ट्रेवर गदा आली. तो गाडीखाली गेला. शेजारणीचं पांढरं मांजर त्यात बसून गेलं आणि अर्धं काळं होऊन घरी परतलं. शेजारीण दोन दिवस नवीन मांजर आलंय असं समजून त्याला हुसकावत होती! ते जाऊ दे. मुद्दा असा, की इंजिनभर इतका चिखल साचला होता, की तेल कुठून येतंय ते ब्रह्मदेवालाही दिसलं नसतं. आधी इंजिन धुऊन लख्ख करायचं आणि मगच गळती शोधायची, यावर दोघांचं एकमत झालं (माझ्यामार्फतच). त्यात यांचा दाढीचा ब्रश कामी आला आणि वायरी जिथे जातात तिथे पाणी जाऊ नये म्हणून माझी अंघोळीची टोपी इंजिनाला घातली गेली. त्यानंतर, दादा, माझी पावडर! ती गुलाबाच्या वासाची, वहिनीने दिलेली, मी जपून जपून वापरत होते. ती आख्खी इंजिनावर. का, तर पांढऱ्यावर तेलाचा ओघळ उठून दिसतो. माझ्या तोंडाला कधी एवढी लागली नाही, ती त्या मेल्या इंजिनाला लागली.

इंजिन चालू केलं तेव्हा मी ओट्यापाशी होते. पंखा फिरला आणि पोर्चमध्ये पावडरीचा असा काही ढग उठला, की समोरचे लोक धूर समजून बादल्या घेऊन धावले. आणि त्या ढगातून मामंजींचा आवाज आला: अरे, हात काढ! हात काढ आधी, पट्ट्यात जाईल! माझा डाव हातातच राहिला. म्हणजे हे "त्याला सांग हात काढ" नव्हतं रे. सरळ होतं, बापाने लेकाला म्हटलेलं. मी धावत गेले तर दोघेही नखशिखांत पांढरे, हात शाबूत, एकमेकांकडे बघताहेत. हे म्हणाले, काढला बाबा. मग मामंजींनी यांच्या नाकावरची पावडर रुमालाने पुसली आणि इतके हसले, इतके हसले, की त्यांना पायरीवर बसवावं लागलं. मला मात्र रडूच आलं. पावडर गेली म्हणून, असं मी त्यांना सांगितलं.

ओघळ खरोखरच माथ्यावरून निघत होता. म्हणजे मामंजी बरोबर. पण तो इतका जोरात का, हे कळेना, म्हणून यांनी तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली. पट्टीवर दोन खुणा असतात आणि तेल त्यांच्या मध्ये हवं, हे मलाही आता पाठ झालंय. आमचं तेल वरच्या खुणेच्याही पार वर! हळूहळू उलगडा झाला. गळतंय म्हणजे कमी पडत असणार, मुलगा काही बघायचा नाही, म्हणून मामंजी सकाळी गुपचूप तेल घालत. बाबा रागाच्या भरात कोरडंच इंजिन चालवतील, म्हणून हे संध्याकाळी गुपचूप घालत. आणि हे दोघे भांडणात विसरतील, म्हणून दुपारी, देवाशप्पथ, मीसुद्धा घालत होते. अबोल्याच्या घरात कुणी कुणाला विचारतं थोडंच? त्या बिचाऱ्या इंजिनाला गळ्यापर्यंत पाजलं आम्ही. ते ओकेल नाही तर काय करेल?

आता जादा तेल काढून डब्यात भरून ठेवलंय. कव्हरला नवं पॅकिंग बसवलंय आणि बोल्ट हलक्या हाताने आवळलेत. खालच्या बोल्टाचा वायसरही बदलला. तरी, दादा, रोज सकाळी ट्रेमध्ये थेंब आहेतच! ओघळ नाही, चारदोन थेंब. इंजिन वरून कोरडं ठणठणीत, आणि खाली थेंब. नाक्यावरचा मेकॅनिक म्हणाला, इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधलं ऑइल सील गेलं असणार. तेव्हापासून दोघेही रोज चहाचे कप घेऊन गाडीखाली आडवे होतात आणि तासन्‌तास वाद घालतात, थेट तोंडाने. यांनी तर येत्या रविवारी गिअरबॉक्स घरीच उतरवायचं ठरवलंय, विटांवर गाडी चढवून. मामंजी म्हणतात, आधी दादाचं उत्तर येऊ दे. तरी गिअरबॉक्स उतरवताना काय काय लागतं, कुठला पाना, कुठलं सील, ते सविस्तर कळवावं ही विनंती. (हे वाक्य यांनी सांगितलं तसं लिहिलंय.) वहिनीला नमस्कार, मुलांना पापे.

तुझी,
धाकटी

ता. क. पत्र दोघांनी वाचलं. मामंजींनी माझ्या दोन वेलांट्या सुधारल्या आणि "नीट वाचा"पाशी थोडे थांबले. आता दोघेही बाजारात पाने बघायला गेलेत, म्हणून खरं काय ते लिहिते. गळती थांबलीय रे! नवं पॅकिंग बसलं तेव्हाच थांबली. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रे सगळ्यांत आधी मी पाहिला, तर टिपूस नाही. दाराआड बॅग भरलेली. माझ्याने राहवेना. डब्यातलं काढून ठेवलेलं तेल चमच्याने घेतलं आणि चार थेंब टाकले ट्रेमध्ये. तेव्हापासून रोज टाकतेय. पण हे आता गिअरबॉक्स काढायला निघालेत आणि एकदा काढला की यांच्या हातून तो परत बसायचा नाही, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. तू तेवढं लिही, की उघडू नका, नुसतं लक्ष ठेवा. तुझा शब्द दोघेही मानतात.

ता. ता. क. पाकीट रात्रभर तसंच राहिलं ते बरं झालं. गिअरबॉक्सच्या धास्तीने आज मी एकही थेंब टाकला नाही. म्हटलं, जे व्हायचं ते होऊ दे. आणि पडद्याआडून बघत बसले. तर मामंजी आले. कोरडा ट्रे पाहिला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, डबा उघडला, त्यात बोट बुडवलं आणि टप, टप, टप. बोट पुसून रुमाल खिशात घातला आणि मग वर तोंड करून अशी आनंदाने हाक मारली म्हणतोस, अरे ऊठ, लवकर ये, आजही गळलंय बघ! हे दोन कप घेऊन धावत आले आणि दोघेही गाडीखाली गेले. दादा, तुझ्या पाया पडते. उत्तर चांगलं लांबलचक लिही, शंभर शंका काढ, काय वाटेल ते लिही, पण चुकूनसुद्धा बरोबर उपाय लिहू नकोस.