बिडाच्या प्लेटवरचा नारळ

२२ सप्टेंबर, सोमवार
आज घट बसले. स. पूजा आटोपून सातच्या गाडीने उरवड्याला, कारखान्यात.
शाळेची मुलगी, अश्विनी, आमच्या टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारे आणि साचे बनवतो त्या खोलीत, येऊन तीन महिने झाले. बारावीला आहे. सोम. ते बुध. आमच्याकडे काम, गुरु. ते शनि. शाळेत वर्ग. कामाचे विद्यावेतन तिच्या खात्यावर जाते. शाळेने ही योजना आणली तेव्हा मला वाटले होते, फोटो काढतील आणि बंद पडेल. तसे झाले नाही.
आज तिने कानस मारून घडवलेल्या जॉबला, लोखंडाच्या तुकड्याला, काटकोन बघायचा गुण्या लावून तो उजेडाकडे धरला. फट दिसली नाही. मी त्या वयात दोन वर्षे नुसता लोखंडाचा कीस झाडला. माझ्या मिस्त्रींनी कानस हातात दिली ती तिसऱ्या वर्षी. ते चांगले होते असे आजपर्यंत म्हणत आलो. आज खात्री वाटत नाही.

२४ सप्टें., बुध.
अ. चे वडील आले होते. वरच्या वाडीवरचे धनगर, खांद्यावर घोंगडी. गेटच्या आत येईनात, म्हणून मी बाहेर गेलो. शिकवणारे फी घेतात, हे उलट पोरीला पैसे देतात, हे त्यांच्या मनाला पटत नव्हते.
"ह्यात गोम काय हाय, तेवढी सांगा नाना."
मी म्हटले गोम नाही, ती काम करते त्याचे देतात. म्हणाले, "काम तर ती घरी बी करती."
आत नेऊन तिचा जॉब दाखवला. तळहातावर घेऊन उलटासुलटा केला. "एवढंच? सबंध दिवसात?" अ. ने तोंड फिरवले. हसत असावी.
जाताना म्हणाले, परीक्षेपर्यंत येईल, पुढचं पुढं.

१ ऑक्टोबर, बुध. खंडेनवमी.
टूलरूमची पूजा दर वर्षी मी मांडतो. या वेळी अ. ला म्हटले, तू मांड.
तिने बिडाची, ओतीव लोखंडाची प्लेट निवडली. दीड फूट लांब-रुंद, माझ्या मिस्त्रींनी हाताने खरवडून सपाट केलेली. ते गेले, प्लेट आहे. कुठलाही जॉब सरळ आहे का, हे आम्ही तिच्यावर ठेवूनच बघतो. तिने थिनरने सगळे तेल पुसून प्लेट लख्ख केली. पाटावर मांडावी तशी हत्यारे ओळीने लावली, हळदकुंकू, भोवती ओल्या झेंडूची आरास. मी नारळ फोडला, पाणी शिंपडले. आरती झाली. शेठ येऊन नमस्कार करून गेले. लेथवरचा दत्ता म्हणाला, "नाना, आता तुमी रिटायर व्हा. पोरगी तुमच्यापरास बरं मांडती."
खरेच होते. इतकी देखणी पूजा टूलरूमने पाहिली नव्हती. मन भरून आले.

३ ऑक्टो., शुक्र.
दसऱ्याची सुट्टी संपवून गेलो, फुले उचलली. प्लेट गंजली आहे.
तेल पुसलेले बीड, त्यावर दोन दिवस ओली फुले. दुसरे काय होणार. मी दर वर्षी आधी तेलाचा हात मारतो, वर प्लास्टिक अंथरतो, मग पूजा. हाताला इतकी सवय की हे सांगायचे असते, हेच सुचले नाही.
शेठ आले. पूजा कोणी मांडली होती? दत्ता बोलून गेला, शाळेच्या पोरीनं. शेठ म्हणाले, सोमवारपासून तिला पॅकिंगला लावा, हत्याराची कदर नाही या पोरांना.
मी तिथेच उभा होतो. बोललो नाही.

४ ऑक्टो., शनि.
भैरवनाथाला जाऊन आलो. हात जोडले, पण लक्ष लागेना.
पॅकिंगला गेली तर शाळेच्या वहीत टूलरूमचे तास भरणार नाहीत. तास नाहीत तर प्रात्यक्षिक परीक्षा नाही, वर्ष गेले. तिच्या सरांनी मला जूनमध्येच सांगितले होते, मुलीला टूलरूममध्ये घ्यायला आसपास दुसरे कोणी तयार झाले नाही. हे सगळे मला काल ठाऊक होते. तरी काल मी…

६ ऑक्टो., सोम.
अ. आली. कोणी सांगायच्या आत तिने प्लेट पाहिली. वाकून, चारी बाजूंनी. मग सरळ शेठच्या केबिनमध्ये. मी मागे दारात.
"पूजा मी मांडली व्हती. तेल मीच पुसलं."
रडली नाही, कारण सांगितले नाही. शेठ पॅकिंगला जा, एवढेच म्हणाले.
बाहेर आल्यावर मी तिला म्हटले, सगळे डाग तुझे नाहीत. फुलांखालचा गंज पातळ आहे. एका कोपऱ्यात मात्र शिंतोड्यांसारखे खोल खड्डे पडलेत.
म्हणाली, "ठाव हाय. नारळाचं पाणी. त्यात क्षार असत्यात, शाळंत झालंय आमचं."
मग आत का नाही बोललीस?
"तुमच्या नारळाचं तुमी सांगा की."
आणि गेली पॅकिंगला. सतरा वर्षांची मुलगी. इतके सरळ मला कोणी बोललेले नाही. मिस्त्री सोडले तर.

७ ऑक्टो., मंगळ.
शेठना सांगितले. नारळ मी फोडला, प्लास्टिक अंथरायला मी सांगितले नाही, आणि चार दिवस गप्प बसलो, हेही. शेठ बराच वेळ पेन उघडझाप करत राहिले.
"नाना, तुमच्याकडनं ही अपेक्षा नव्हती."
मलाही नव्हती.
प्लेट भंगारात टाकू, ग्रॅनाइटची दुसरी आहेच, म्हणाले. मी म्हटले, हाताने पुन्हा सपाट करतो, फक्त ती मुलगी बरोबर द्या. शेवटी असे ठरले: २९ तारखेला बाहेरच्या प्रयोगशाळेचा माणूस आमची मापे तपासायला येणार आहे. त्याने प्लेट पास केली तर अ. टूलरूममध्ये राहील, तोवरचे तासही धरले जातील. नाही केली तर ती पॅकिंगला, आणि पुढच्या वर्षी शाळेची मुले आमच्याकडे नकोत.

८ ऑक्टो., बुध.
सुरुवात. ग्रॅनाइटवर निळा रंग अगदी पुसट फासायचा. आमची प्लेट दोघांनी उचलून त्यावर पालथी घालून घासायची. उलटून बघायचे. निळे लागले तो उंचवटा, तेवढाच धारदार स्क्रॅपरने खरवडायचा. केसाहून कमी. पुसायचे. पुन्हा निळा.
प्लेट उचलायला दत्ताला बोलावले. "नाना, धुणं काढलंय का काय? नीळ लई झाली." दिवसभरात आठ वेळा आला पण. शुक्रवारी शेठपुढे तिचे नाव बोलून गेला, ते त्याला लागले आहे.
संध्याकाळी अ. चे मनगट सुजले होते. तिच्या आधी माझे.

१५ ऑक्टो., बुध.
तिचा हात बसला. खांद्यातून जोर, मनगट नुसते वळण द्यायला. हे मी शब्दांत कधी सांगू शकलो नसतो. तिने माझ्याकडे बघून वहीत आकृती काढली, कोन लिहिला, सरांना दाखवून आली. सरांनी ती आकृती वर्गाच्या भिंतीवर लावली म्हणे. सत्तावीस वर्षे जे माझ्या खांद्यात होते ते भिंतीवर लागले. कोणाला सांगितले नाही, पण घरी येताना गाडी सोडून चालत आलो.

२५ ऑक्टो., शनि.
दिवाळीची शाळेला सुट्टी, म्हणून अ. आता रोज येते. भाऊबीज झाल्यावर लगेच आली. आज वडील डबा घेऊन आले. या वेळी गेटवर थांबले नाहीत, सरळ आत.
"दिवाळीच्या आधी बी हेच घासत व्हता न्हवं?"
अ. म्हणाली, "व्हय आबा. तुमी बी रोज त्याच मेंढरांमागं जाताय की."
दत्ता लेथ बंद करून हसला. आबाही हसले. मग स्टूल ओढून तासभर बघत बसले. निळे ठिपके आता सगळीकडे सारखे उमटतात, चांदण्यांसारखे. त्यांनी विचारले, आता झालं का? मी म्हटले, झाल्यात जमा. अ. म्हणाली, न्हाई.

२७ ऑक्टो., सोम.
कोपऱ्यात नारळाचा एक खड्डा उरला आहे. ज्वारीच्या दाण्याएवढा, दिसतो न दिसतो. मी डोळे मिटून बोट फिरवले. मला काही लागले नाही. म्हटले राहू दे, एवढ्याने प्लेट नापास होत नाही. तो काढायचा तर सगळी प्लेट पुन्हा त्याच्या पातळीला उतरवावी लागेल. दोन दिवसांत सपाटी हुकली तर हातचे जाईल.
तिने बोट फिरवले. "हितं अडकतंय." पुन्हा फिरवले. "हितंच."
घरी मेंढरांच्या लोकरीत गोचीड ती हातानेच शोधते, डोळ्यांनी नाही. माझी बोटे आता जाड झाली. जे मला समजत नाही ते नाहीच, असे कसे म्हणणार.
मी म्हटले, तुझे वर्ष आहे, तू ठरव.
तिने स्क्रॅपरला धार लावायला घेतली.

२८ ऑक्टो., मंगळ.
सकाळी सहाला दोघेही हजर. दत्ता त्याच्याही आधी. दिवसभर निळा, घासणे, खरवडणे, पुसणे. जेवण उभ्याने. दुपारी ठिपके पार विस्कटले, एका बाजूला गर्दी, दुसरीकडे कोरे. ती पुन्हा निळा फासायला लागली. चारच्या सुमारास सावरू लागले. पाचला शेवटचा निळा. कोपरा भरला. बाकीचे मला सारखे वाटले. वाटले, एवढेच लिहितो. आमच्या ग्रॅनाइटला जे चालते ते उद्या प्रयोगशाळेच्या यंत्राला चालेल का, हे त्या माणसालाच माहीत.
शेठ येऊन बघून गेले. एरवी बूट घालूनच टूलरूममध्ये येतात, ते आज दारात काढून आले.
अ. सहाच्या गाडीला गेली. मी दिवे बंद करायच्या आधी सवयीने खिशातली कुंकवाची पुडी काढली, एक बोट टेकवावे म्हणून. बघतो तर प्लेटला तेलाचा हात मारून वर प्लास्टिक, त्यावर वहीचा कागद चिकटवलेला. तिचे अक्षर:
"उद्या तपासणी आहे. कोणी हात लावू नये. नानांनी पण."
पुडी खिशात ठेवली. लांबूनच नमस्कार केला. उद्या दहाला येणार आहे तो तपासणारा.